एकाआड एक मत

निवडून आल्यानंतर आपण सभागृहात मतदान कोणत्या तत्त्वाने करणार, हे मतदारांना आधीच सांगून टाकण्याची सचोटी फार थोड्या लोकप्रतिनिधींच्या ठायी असते. मार्टिन झोनेबोर्न नामक जर्मन गृहस्थांनी 2014 साली युरोपीय संसदेत पाऊल ठेवताना ती दाखवली, आणि तीही अशी की ऐकणाऱ्याने हसावे की कपाळाला हात लावावा याचा निर्णय होऊ नये. पहिल्या ठरावाला ‘होय’, दुसऱ्याला ‘नाही’, तिसऱ्याला पुन्हा ‘होय’, आणि याच पाळीने पुढे. मग ठराव मासेमारीच्या हद्दीचा असो, अंदाजपत्रकाचा असो वा परराष्ट्रांशी करावयाच्या तहाचा असो, त्यातील मजकुराशी आपल्या मताचा संबंध असण्याचे कारण नाही, असा त्यांचा संकल्प होता. हा संकल्प निव्वळ विदूषकी मानून सोडून देणे सोपे आहे, आणि त्या काळी पुष्कळांनी तसे केलेही. परंतु लोकप्रतिनिधीची पारख त्याच्या मतांच्या नोंदीवरून करावी, या आज सर्वत्र रूढ झालेल्या समजुतीची इतकी झोंबणारी परीक्षा दुसऱ्या कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

या गृहस्थांची पूर्वपीठिका थोडी सांगितली पाहिजे. 1965 साली गॉटिंगन येथे जन्मलेले झोनेबोर्न हे ‘टायटॅनिक’ या जर्मन उपहासमासिकाचे 2000 ते 2005 या काळातील संपादक. त्यांच्या कीर्तीचा आरंभच एका मतदानाने झाला, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 2006 सालची फुटबॉलची विश्वस्पर्धा कोणत्या देशात भरवावी याचा निर्णय 2000 साली झ्युरिक येथे व्हावयाचा होता. त्याच्या आदल्या रात्री त्यांनी निर्णयमंडळाच्या सभासदांना फॅक्स धाडून, जर्मनीच्या पारड्यात मत टाकल्यास ब्लॅक फॉरेस्टचे उत्तम डुकराचे मांस आणि कोकीळ-घड्याळ नजर करण्याचे आमिष दाखवले. न्यूझीलंडचे वयोवृद्ध प्रतिनिधी चार्ल्स डेम्प्सी यांनी, आपल्यावर सर्व बाजूंनी असह्य दडपण आल्याचे सांगत, शेवटच्या फेरीत मत दिलेच नाही, आणि जर्मनी 12 विरुद्ध 11 मतांनी जिंकली. घड्याळाने इतिहास घडवला असे कोणी म्हणणार नाही. तरी ज्या जगात खऱ्या लाचेची आणि थट्टेतल्या लाचेची निवड पत्र उघडून पाहिल्यावरही पटकन करता येत नाही, त्या जगाविषयी हा संपादक त्याच वेळी काहीतरी शिकला असावा.

पुढे 2004 साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक राजकीय पक्षच काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘डी पार्टाय’, म्हणजे नुसते ‘पक्ष’. बर्लिनची भिंत पुन्हा उभारावी ही त्या पक्षाची आद्य मागणी. आपल्याकडे बहुरूपी जसा हवालदाराचा वेष चढवून दारात उभा राहतो, घरधन्याच्या नावावर नसलेल्या गुन्ह्यांची यादी वाचतो, आणि शेवटी पसाभर धान्य घेऊन जातो, तसाच हा प्रकार. बहुरूप्याचे सोंग वठते ते खऱ्या हवालदाराच्या तऱ्हा त्याने बारकाईने हेरलेल्या असतात म्हणून. आणि क्वचित एखाद्या घरधन्याला हवालदार खराच वाटतो, हा त्या कलेचा कळस. जर्मनीतील मतदारांनी या बहुरूप्याला पसाभर धान्य न देता थेट चौकीच बहाल केली.

ती कशी, हेही पाहण्यासारखे आहे. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीमध्ये पूर्वी 5 टक्के मतांची अट होती. ती कार्लस्रूह येथील घटनात्मक न्यायालयाने 2011 साली रद्द ठरवली. मग जर्मन संसदेने 3 टक्क्यांची नवी अट घातली, ती न्यायालयाने 2014 च्या फेब्रुवारीत, म्हणजे निवडणुकीला जेमतेम तीन महिने उरले असता, मोडीत काढली. प्रत्येक मताचे मोल सारखे असले पाहिजे, आणि युरोपीय संसदेतून राष्ट्रीय सरकारसारखे सरकार निवडावयाचे नसल्यामुळे लहान पक्षांना उंबरठ्यावर अडवण्याइतके सबळ कारण दिसत नाही, असा न्यायमूर्तींचा युक्तिवाद होता. परिणामी जर्मनीच्या 96 जागांपैकी 7 जागा एकेक सभासदाच्या 7 पक्षांकडे गेल्या. त्यांत पशुरक्षणवाले होते, कुटुंबवाले होते, पायरेट पक्षाच्या तरुण यूलिया रेडा होत्या, उघड वंशद्वेषी अशा राष्ट्रीय-लोकशाही पक्षाचे माजी अध्यक्ष उडो फॉइग्ट होते, आणि 0.6 टक्के, म्हणजे सुमारे 1 लाख 85 हजार मते मिळवून आलेले झोनेबोर्न होते. कोणत्याही गटात सामील न झाल्यामुळे त्यांना आसन मिळाले ते मागच्या बाकांवर, युरोपातील नाना देशांच्या जहाल उजव्यांच्या शेजारी.

दर महिन्याला एकाने राजीनामा द्यावा, पुढच्याने जागा घ्यावी, आणि पाच वर्षांत यादीतील साठ जणांना संसदेचा पगार चाखावयास मिळावा, असा त्यांचा मूळ बेत होता. तो संसदेच्या नियमांपुढे टिकला नाही. मग ते स्वतःच राहिले, आणि ‘होय-नाही’चे ते प्रसिद्ध सत्र सुरू झाले.

आता ज्या मतांच्या नोंदीची एवढी महती आपण गातो ती तयार कशी होते, हे पाहिल्यावाचून या थट्टेची धार कळत नाही. स्ट्रासबुर्गच्या अधिवेशनात मतदानाची वेळ आली म्हणजे ज्या दालनात तासापूर्वी दहा-वीस सभासद वक्त्याचे बोलणे ऐकत बसले होते, ते पाहता पाहता शेकडोंनी भरून जाते. ठराव, त्यावरील उपसूचना, परिच्छेदांचे पाडलेले तुकडे, अशी मते एकामागून एक इतक्या वेगाने पुकारली जातात की एका बैठकीत त्यांची संख्या शेकड्यांत जावी. प्रत्येक सभासदापुढे त्याच्या गटाच्या कचेरीने तयार केलेली यादी असते. तिच्यात दर क्रमांकापुढे अधिक, उणे किंवा शून्य मांडलेले असते, आणि यादी वाचण्याचीही तसदी ज्यांना नको त्यांच्यासाठी पुढच्या रांगेतला गटाचा जाणकार अंगठा वर किंवा खाली करून दाखवतो. हात वर होतात, अध्यक्ष नजरेने अंदाज घेऊन ‘मंजूर’ म्हणतात, शंका आली तर यंत्राने मोजदाद होते, आणि नावनिशीवार मतदान झाले असेल तरच कोणी काय केले हे दप्तरी उतरते. ज्या दिवशी असे नावनिशीवार मतदान असेल त्या दिवशी निम्म्याहून अधिक मते चुकवणाऱ्याचा दैनिक भत्ता निम्मा कापला जातो. मतांची नोंद आणि हजेरीपट यांचे नाते यापेक्षा प्रांजळपणे कोणत्या नियमाने सांगितले असते?

तेव्हा सातशे जणांच्या त्या सभागृहात, यादीतील चिन्ह पाहून हात वर करणारा प्रामाणिक सभासद आणि पाळी पाहून हात वर करणारा झोनेबोर्न यांच्यात फरक कोणता, हा प्रश्न थट्टेचा राहत नाही. पहिल्याने आपले मत गटाच्या कारकुनाकडे गहाण टाकलेले असते, दुसऱ्याने नशिबाकडे. मी पहिल्याच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. साऱ्या विषयांत पारंगत असा सभासद पृथ्वीच्या पाठीवर नाही, आणि ज्या सहकाऱ्याने समितीत बसून विषय अभ्यासला त्याच्यावर विश्वास टाकणे म्हणजे अक्कल गहाण टाकणे नव्हे. परंतु मग श्रेय त्या विश्वासाला आणि त्या अभ्यासाला द्यावे. हाताला आणि कळीला देऊ नये.

याचे उत्तम उदाहरण त्याच संसदेत, त्याच देशाच्या दुसऱ्या एका सभासदाचे आहे. 2009 साली वयाच्या 26 व्या वर्षी हरित पक्षातर्फे निवडून आलेले यान फिलिप आल्ब्रेख्त यांच्याकडे नागरिकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचा मसुदा सोपवण्यात आला. त्यावर आलेल्या उपसूचना चार हजारांच्या घरात होत्या. त्या प्रत्येकीची छाननी, कंपन्यांच्या वकिलांच्या आर्जवांची आणि सरकारांच्या हरकतींची दखल, विरोधी गटांच्या प्रतिनिधींबरोबर महिनोन्‌महिने एकेका शब्दावर झालेली घासाघीस, हे सारे पार पडून 12 मार्च 2014 रोजी संसदेने तो मसुदा 621 विरुद्ध 10 मतांनी उचलून धरला. 22 सभासद तटस्थ राहिले. पुढे मंत्रिपरिषदेशी वाटाघाटी होऊन 2016 साली त्याचा कायदा झाला आणि 25 मे 2018 पासून तो अमलात आला. आज भारतातील संगणक-कंपन्यांनाही युरोपातील गिऱ्हाइकासाठी ज्याची कलमे पाठ करावी लागतात तो हाच कायदा. आता 12 मार्चचे दप्तर उघडून पाहा: आल्ब्रेख्त यांच्या नावापुढे एक ‘होय’ आहे. त्या दिवशी मसुद्याचे मुखपृष्ठही न पाहता अंगठ्याच्या इशाऱ्यावर हात वर करणारा कोणी असेल, तर त्याच्या नावापुढेही तसाच, त्याच मापाचा ‘होय’ आहे.

आपल्याकडे तर पक्षांतरबंदीच्या 1985 सालच्या घटनादुरुस्तीपासून प्रतोदाचा हुकूम मोडून मत देणाऱ्याची जागाच जाऊ शकते, आणि बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाच्या गजरात मंजूर होतात. त्यामुळे सभासदाच्या मतनोंदीवर आपण वाद घालत बसत नाही, इतकेच. तिथे वाद होतो, कारण तिथे गटाचा आदेश मोडणाऱ्याची खुर्ची शाबूत राहते.

झोनेबोर्न यांच्या पदरात माप टाकताना हात आखडता घ्यावा लागतो तो वेगळ्या कारणाने. सभागृहातील थट्टा परवडते ती इतर सातशे जण गंभीर असतात म्हणून. आल्ब्रेख्त यांच्यासारखे लोक रात्री जागून कलमे लिहितात, म्हणूनच कोणा एकाला पाळीने मत देता येते. हे त्यांनाही उमगले असावे. मतदान जेथे अटीतटीचे असेल तेथे आपण पाळी सोडून विवेकाने मत देतो, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. बहुरूप्याने मिशी काढून ठेवली, ती इथे. 2019 साली त्यांचा पक्ष 2.4 टक्के मते घेऊन दोन जागांवर आला, आणि दोनच वर्षांत दुसरे सभासद निको झेम्सरॉट पक्ष सोडून गेले. चिनी माणसांच्या उच्चारांची टिंगल करणारा एक विनोद झोनेबोर्न यांनी प्रसृत केला होता, आणि ज्यांच्यावर तो झाला त्यांची वेदना त्यांना समजेना, हे झेम्सरॉट यांच्या जाण्याचे कारण. बलवंतांची खोडी काढता काढता उपहासकाचा नेम दुर्बळावर कधी जातो हे त्याचे त्याला कळत नाही. आणि कळवणारा सहकारी जवळ टिकला नाही, तर पुढेही कळत नाही.

तरीही मतदारांनी त्यांना सोडलेले नाही. 2024 साली ते 1.9 टक्क्यांवर पुन्हा निवडून आले, आणि त्यांच्या शेजारी लेखिका सिबिले बेर्ग बसल्या. त्याच वर्षी, मोठ्या राष्ट्रांत किमान 2 टक्क्यांचा उंबरठा घालणाऱ्या युरोपीय निर्णयाविरुद्ध त्यांच्या पक्षाने केलेली फिर्याद कार्लस्रूहच्या न्यायालयाने फेटाळली. ज्या न्यायालयाने दार उघडले त्यानेच ते पुन्हा लोटण्यास मुभा दिली, आणि अंतर उरले एक दशांश टक्क्याचे.

मतांची नोंद म्हणजे लोकप्रतिनिधीचा आरसा असे म्हणणाऱ्यांना 2019 सालच्या दोन घटनांची आठवण द्यावीशी वाटते. त्या वर्षीच्या 16 जुलैला उर्सुला फॉन डेर लायेन यांची युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदी निवड झाली. आवश्यक मते होती 374, मिळाली 383. त्या पंचवार्षिकातील बहुधा सर्वांत वजनदार असे हे मतदान गुप्त होते. जास्तीची ती नऊ मते कोणाची हे कोणत्याही दप्तरात नाही, आणि नसावे हाच नियम.

दुसरी घटना त्याआधीची, 26 मार्चची. आंतरजालावरील प्रताधिकाराच्या नव्या निर्देशाला रेडाबाईंनी सारी मुदत कडाडून विरोध केला होता. अंतिम मतदानापूर्वी प्रश्न एवढाच होता की वादग्रस्त कलमांवरील उपसूचना स्वतंत्रपणे मतास टाकाव्यात की नाही. टाकाव्यात म्हणणारे 312 निघाले, नको म्हणणारे 317. त्यानंतर संपूर्ण निर्देश 348 विरुद्ध 274 मतांनी मंजूर झाला. सभागृह पांगले, आणि मग डझनभर सभासदांनी कळवले की आपण चुकीची कळ दाबली. क्रम ऐन वेळी बदलल्यामुळे घोटाळा झाला, असे त्यांतील काहींचे म्हणणे. शिरस्त्याप्रमाणे त्यांची खरी इच्छा दप्तरात दुरुस्ती म्हणून नोंदवून घेण्यात आली. ती जमेस धरून बेरीज केली तर उपसूचना मतास टाकण्याच्या बाजूने बहुमत होते. परंतु अशा दुरुस्तीने सभासदाची नोंद तेवढी बदलते, निकाल बदलत नाही. त्या सभासदांच्या नावापुढे आज त्यांचे खरे मत लिहिलेले आहे, आणि निर्देश जसा मंजूर झाला तसाच आहे.