अवतरण आणि पतन

पूर्वीं आमच्या घरांतून मुलगा वकिली किंवा वैद्यकी शिकण्यास बाहेर पडे. आतां बारामती, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणीं मुलें विमान चालविण्यास शिकावयास जातात, आणि मुलीही जातात. वडील मंडळींस भीति वाटते ती उंचीची. वस्तुतः शिकाऊ विमानाला अपघाताचा संभव अधिक असतो तो भूमि अगदीं जवळ आल्यावर, शेवटच्या १०-१५ फुटांत.

उतरण्याला ‘अवतरण’ हा शब्द फार योग्य आहे. अव-पूर्वक तॄ धातूंत तरून खालीं येण्याचा भाव आहे. नुसतें पडण्याला पत् धातु निराळा. या दोन धातूंमधील अंतर शिकण्यांतच नवशिक्याचे पुष्कळ दिवस जातात.

लहान सेस्ना विमान ताशीं सुमारें १०० किलोमीटर वेगानें धावपट्टीकडे येत असतें. भूमि जवळ आली कीं नाक हळूहळू उचलून वेग ओसरूं द्यावयाचा, म्हणजे मागचीं दोन मुख्य चाकें प्रथम टेकतात. नाक उशिरां उचललें तर विमान आदळतें. फार लवकर उचललें तर वेग वरच संपतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान धप्पकन् खालीं बसतें. अंतर ओळखण्यासाठीं नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाशीं हवी. नवशिक्याची ती चाकांखालच्या जमिनीवर खिळते, व तेथेंच हिशेब चुकतो.

परंतु खरी हानि पहिल्या आदळण्यापेक्षां पुढच्या घाईनें होते. आदळलेलें विमान उसळतें. घाबरलेला विद्यार्थी नाक खालीं दाबतो. मग पुढचें चाक आधीं आपटतें. असा आघात सोसण्याचें बळ त्याच्या दांड्यांत नसतें. दुसरी उसळी पहिलीहून मोठी, तिसरी त्याहून मोठी, आणि अखेर पुढचा पाय मोडून पंखा जमिनीला लागतो. या एका चाकावर किती अवलंबून असतें पाहा: ऑगस्ट २०२५ मध्यें बारामतीस एक शिकाऊ विमान चाकाच्या बिघाडामुळें तातडीनें उतरलें, तेव्हां पुढचें चाक निखळून विमान बाजूच्या गवतांत गेलें. वैमानिक सुखरूप राहिला.

उसळीवर उपाय म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जाणें, व फेरा घालून नव्यानें उतरणें. आमच्या अर्नाळ्यास होडी किनाऱ्याला लावणारा तांडेल लाट मनासारखी नसली तर होडी मागें घेतो आणि पुढच्या लाटेची वाट पाहतो; त्याला कोणी नापास म्हणत नाहीं. विमानाच्या विद्यार्थ्याला मात्र फेरा घालणें म्हणजे सर्वांदेखत गुण कापले गेल्यासारखें वाटतें.

याच लाजेचें दुसरें रूप मला अधिक घातक दिसतें. विमान जोरानें आदळलें, पण मोडलें कांहींच नाहीं. मग विद्यार्थी गप्प बसतो. बाहेरून विमान धडधाकट असतें. आंत मात्र चाकाचा दांडा जेथें जोडलेला असतो तेथें पत्रा सुरकुतलेला, किंवा इंजिनाचा आधार वांकलेला असूं शकतो. दुसऱ्या दिवशीं त्याच विमानांत दुसऱ्या कोणाची तरी मुलगी बसते. उलट, त्यानें तें लगेच सांगितलें तर कारागीर विमान तपासतो, आणि बहुधा कांहीं न सांपडतां तें परत येतें. मीं इतकीं वर्षें वर्गांत मुलें पाहिलीं; चूक कबूल करणाऱ्यास जेथें पहिली छडी बसते, तेथें पुढच्या चुका कळतच नाहींत. विमान शिकविणाऱ्या गुरुजींनीं हें ओळखलें पाहिजे.

घरच्या माणसांचाही यांत वाटा आहे. व्यावसायिक परवान्यास २०० तासांचें उड्डाण लागतें, तासागणिक पैसा मोजावा लागतो, पुष्कळदां तो कर्जाचा असतो, म्हणून घरून विचारणा होते ती “किती तास झाले?” एवढीच. फेऱ्याला पांच-सहा मिनिटें लागतात. विमान तपासणीला गेलें तर एखादा दिवस मोडतो. हा खर्च वडिलांनीं आरंभींच हिशेबांत धरावा, आणि तसें मुलाला पहिल्या उड्डाणापूर्वींच सांगून ठेवावें.