मुहूर्त त्यांचा, हप्ता आपला

इंदोरा, जरीपटका, पाचपावली या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत आज पहिली चारचाकी येत आहे. आईवडिलांनी सायकलवर आयुष्य काढले, पोरं शिकून नोकरीला लागली आणि दारात गाडी उभी राहिली. वाहनाचा आणि आपल्या माणूसपणाचा संबंध जुना आहे. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना अस्पृश्य म्हणून टांग्यात न्यायला नकार दिला. शेवटी टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. हा इतिहास असलेल्या समाजाने स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवला, तर त्याला कोणी चैन म्हणू नये.

पण शोरूमवाले आपला हा आनंद बरोबर हेरतात आणि त्याचीच वसुली करतात.

मागच्या दसऱ्याच्या तोंडावर एका कार्यकर्त्याला गाडी घ्यायची होती म्हणून आम्ही चौघे धरमपेठेतल्या एका शोरूममध्ये गेलो. बसल्या बसल्या पहिले वाक्य आले, "दसऱ्याला डिलिव्हरी पाहिजे तर आजच बुकिंग करा, दोनच गाड्या उरल्यात." किंमत विचारली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे 'ऑन रोड' म्हणून एकच आकडा लिहून दिला. तपशील मागितला तर उत्तर मिळाले, "सर, एवढं कोणी विचारत नाही." आम्ही विचारले. मग निघाले एकेक. हँडलिंग चार्जेस ८,५०० रुपये. ॲक्सेसरीजचे 'कंपल्सरी' किट २४,००० रुपये. विमा कंपनीकडून थेट घेतल्यापेक्षा १३,००० रुपयांनी महाग. "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही," ही धमकी वरून. आणि शेवटचा बाण, "बेस मॉडेल तुम्हाला शोभत नाही सर."

आम्ही एवढेच म्हणालो, "हे सगळे सक्तीचे आहे, असे लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून द्या." कोणी लिहून दिले नाही. मॅनेजर आला, हँडलिंग आणि किट दोन्ही निघाले, विमाही आमच्या मर्जीवर सोडला. नियम असता तर तो एका वाक्यात विरघळला असता का?

ही लूट माणसाच्या संकोचावर चालते. काचेचे दार ढकलून आत जाताना आपला माणूस आधीच सावरून चालतो. हिशेब विचारला तर आपल्याकडे पैसे नाहीत असे समजतील, घासाघीस केली तर हलके दिसू, ही भीती त्याच्या मनात असते. ही भीती त्याने स्वतः तयार केलेली नाही. पिढ्यान्पिढ्या उंबऱ्याबाहेर उभे केलेल्या माणसाच्या मनात ती जातीने पेरली आहे. सेल्समनला जात विचारावी लागत नाही, त्याला फक्त हा संकोच दिसावा लागतो.

दुसरे हत्यार मुहूर्ताचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी याच नागपुरात आपल्याला धम्म दिला. त्याच दिवशी आपली पोरं दीक्षाभूमीवर वंदन करतात आणि संध्याकाळी गाडीच्या डिलिव्हरीचा मुहूर्त गाठायला धावतात! मुहूर्त गाठायचाच असलेला ग्राहक उठून जाऊ शकत नाही, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. आठ दिवसांनी गाडी नेली तरी ती तेवढीच धावते, असे म्हणणाऱ्याशी त्याला सरळ बोलावे लागते.

कोणी म्हणेल, टाय लावून उभा असलेला तो पोरगाही आपल्याच वस्तीतला आहे, त्याचा पगार टार्गेटवर आहे. खरे आहे. म्हणून आमचे भांडण त्याच्याशी नाही, त्याला पुढे करणाऱ्या व्यवस्थेशी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका असा की ठरल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला कंपनीच दंड लावत होती आणि त्याला पकडायला बनावट ग्राहक पाठवत होती. मूळ तक्रार महाराष्ट्रातल्या डीलरांबाबतच होती. कंपनी अपिलात गेली आणि दंडाला स्थगिती मिळाली.

गोव्यातल्या एका ग्राहकाकडून २०११ च्या मॉडेलचे पैसे घेऊन त्याला २००९ ची, ६२२ किलोमीटर धावलेली गाडी देण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या या करणीतून टाटा मोटर्सला मोकळे केले, जबाबदारी डीलरवर राहिली. म्हणजे बोर्डावर नाव कंपनीचे, पण फसवणूक झाली की कंपनी हात झटकू शकते. म्हणून सही करण्याआधीच सावध व्हायचे.

कायदा आपल्या बाजूने आहे. एका वस्तूसोबत दुसरी गळ्यात मारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रतिबंधक व्यापार प्रथा आहे. डीलरने स्वतःच्याच विम्याची सक्ती करू नये, असे विमा नियामकाचे २०१७ चे निर्देश आहेत. नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे आपण ठरवायचे. कॅशलेस हा विमा कंपनी आणि गॅरेज यांच्यातला करार असतो, शोरूमची मेहेरबानी नसते. फॉर्म २१ वर गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, ते वाचा. मीटर पाहा. प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

तरीही फसवले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत दाद मागता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आपल्या अभ्यासिकांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले जातात, जात पडताळणीची कागदपत्रे तपासली जातात. त्याच टेबलावर गाडीचे कोटेशनही तपासले गेले पाहिजे. एकटा माणूस संकोचतो, सोबत चार जण असले की तो हिशेब मागतो.

न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा घेऊन शेतकऱ्याला कसे नागवले जाते, हे जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले. आज आपल्याला वाचता येते. मग न वाचता सही करायची कशासाठी?

जय भीम!