इंजिनच्या घड्याळाशी खेळ कशाला?

मंडळी, परवा विश्रांतवाडीत चहाच्या टपरीवर एका पोराने आपली जुनी पेट्रोल कार दाखवली. "दादा, इंजिनच्या कॉम्प्युटरमधला क्रिस्टल बदललाय. सोळा मेगाहर्ट्झचा काढून वीसचा टाकला. आता पळते बघा!" गॅरेज कुठलं, विचारलं तर नुसता हसला. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटलेलाच होता.

अरे बाबा, तो क्रिस्टल म्हणजे इंजिनचं घड्याळ. पेट्रोल किती वेळ सोडायचं, ठिणगीसाठी कॉइल किती वेळ चार्ज करायची, सगळा हिशोब त्याच्या ठोक्यांवर. ठोके सव्वापट झाले की ४ मिलिसेकंदांचा फवारा ३.२ मध्येच संपतो. हवा तेवढीच, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सावरतो, पण फुल रेसला बऱ्याच गाड्यांत त्याचं ऐकलंच जात नाही. मग पिस्टन-व्हॉल्व्हची वाट लागते. आणि ६००० आरपीएमला लागणारा लिमिटर लागतो ७५०० ला, कारण फसलेल्या कॉम्प्युटरला ७५०० हे ६००० च वाटतात! याला ट्युनिंग म्हणायचं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या नोंदींपाशी अडतं. क्रिस्टलची नोंद आरसीत असते कुठे? पीयूसीवाला सायलेन्सरला नळी लावतो, कॉम्प्युटर उघडत नाही. आरटीओ इथून हाकेच्या अंतरावर, आळंदी रोडलाच. या गॅरेजवाल्यांना कधी कुणी हटकणार आहे का?

पोरगा म्हणाला, दिवाळीत गाडी विकणार. घेणाऱ्याला हे सांगशील का, विचारलं. त्याने चहाचे पैसे दिले आणि निघाला.