तिसरे सिलिंडर

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. सौ.चे मत असे, की मी सकाळी फिरायला जावे आणि उरलेल्या वेळात अर्धवट पडलेली कादंबरी पुरी करावी. माझे मत अंगणात ताडपत्रीखाली उभे होते. मामांची १९६२ सालची फोक्सवॅगन बीटल! एका परदेशी वकिलातीतून विकली गेलेली ही गाडी मामांनी १९७४ साली घेतली. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली आणि बरीच वर्षे नुसती उभी राहिली. गेल्या पावसाळ्यात मी तिचे इंजिन घरीच उघडायला घेतले.

या गाडीचे इंजिन मागे असते. रेडिएटर नाही, पाणी नाही. चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे निजलेले, आणि वर एक पंखा. त्याच्या वाऱ्यावर सारा कारभार थंड राहायचा. वायरी, केबल, पेट्रोलची नळी सोडवून गिअरबॉक्सचे चार बोल्ट काढले, की इंजिन जॅकवर घेऊन खाली उतरवता येते. अशा दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या जगभर झाल्या. शेवटची २००३ साली मेक्सिकोत तयार झाली.

नटबोल्ट मी सौ.च्या चिवड्याच्या डब्यांत ठेवले. प्रत्येक डब्यात चिठ्ठी, कुठून काढले त्याची नोंद. बँकेतली सवय! जोडताना शेवटी बाकी शून्य यावी, एवढीच धास्ती.

हेड उघडले तेव्हा तीन सिलिंडर वयाच्या मानाने ठीक होते. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा मात्र जळलेली. मदतीला आलेल्या वयोवृद्ध मिस्त्रींना मी साहेबी थाटात म्हणालो, “हा तिसराच नालायक निघाला.”

मिस्त्रींनी हात पुसले. म्हणाले, “साहेब, त्याला बोल लावू नका. त्याचा वारा अडलाय.”

मग त्यांनी पंख्याचे पत्र्याचे घर माझ्यापुढे धरले. इंजिनाचे तेल थंड करणारा कूलर त्या घरातच, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर उभा असतो. म्हणजे पंख्याची हवा आधी कूलरला लागते, तापते, आणि मग उरलीसुरली तिसऱ्याच्या वाट्याला येते. काम मात्र चौघांना सारखेच! कंपनीच्या इंजिनिअरांनाही हे कळले होते. आधी त्यांनी काही इंजिनांत तिसऱ्याची ठिणगी जरा उशिरा पडेल अशी सवलत दिली. पुढे १९७१च्या मॉडेलांपासून कूलरच बाजूला सरकवला आणि त्याला वेगळी हवा दिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९३ साली तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. तिथल्या एका क्लार्कची खाती कधीच वेळेवर जुळत नसत. मी त्याच्या गोपनीय अहवालात लिहिले : कामाचा वेग कमी. पुढे तो महिनाभर रजेवर गेला, आणि त्याच्या टेबलावर बसवलेला आमचा सर्वांत चलाख माणूसही आठवड्यात मागे पडला. तेव्हा माझे डोळे उघडले. पेन्शनवाले, चौकशीवाले, अंगठेवाले, सगळे आम्हीच “तिकडे जा” म्हणून त्याच टेबलाकडे पाठवत होतो. टेबलावरची कामे मी वाटून दिली. पण वर गेलेला अहवाल दुरुस्त करणारे पत्र काही लिहिले नाही. लिहिले असते, तर माझी चूक माझ्याच सहीने नोंदली गेली असती. त्याची बढती लांबली. तो एका शब्दाने बोलला नाही.

आपल्या घरांतही असे एक तिसरे सिलिंडर असतेच. कुणी सून, कुणी थोरला मुलगा, कुणी आजारी सासऱ्यांचे सारे करणारी लेक. ती चिडली, की आपण म्हणतो, हिचा स्वभावच तापट. तिच्या वाट्याचा वारा कोण अडवून बसले आहे, हे पाहायला उठत नाही. कारण बहुधा आपणच तिथे बसलेलो असतो. स्वभावाला औषध नाही हे खरे. पण जागा बदलता येते, आणि ती बदलेपर्यंत थोडी सवलत देता येते.

माझ्या गाडीत कूलर आहे तिथेच आहे. तो साफ केला, पंख्याच्या घरातले उंदराचे घरटे काढले, नवा व्हॉल्व्ह बसवला. दिवाळीच्या आधी इंजिन सुरू झाले. डबे रिकामे झाले. एक वॉशर तेवढा उरला, तो कुठला ते अजून कळलेले नाही.

पहिल्याच रविवारी मी त्या क्लार्कच्या गावी गेलो. आता तोही निवृत्त. त्याने गाडी कौतुकाने पाहिली, चहा दिला. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो म्हणाला, “साहेब, चहा निवतोय.”

ते पत्र मी आता लिहिले आहे. बँकेत त्याचा उपयोग नाही, म्हणून त्याच्याच पत्त्यावर धाडले. उत्तर आलेले नाही.