शाळेची डायरी बंद झाल्यावर



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे आधी टक्क्यांची चर्चा होते, मग सायन्स की कॉमर्स याची, मग कट-ऑफची. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्यांना त्यात लोकलच्या गर्दीची काळजी असतेच. पण आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी या चर्चेला आणखी एक पदर असतो. त्यांचे आईवडील कायद्याने वेगळे झालेले असतात. त्या घरांत ‘कोणते कॉलेज?’ या प्रश्नाच्या पोटात ‘कोणाच्या घराजवळचे कॉलेज?’ हा प्रश्न असतो. तो मोठ्याने कोणीच विचारत नाही. मूल मात्र रोज त्याचे उत्तर शोधत असते.

आज याच पालकांविषयी लिहायचे आहे. माझे म्हणणे असे, की घटस्फोटित आईवडिलांनी मूल कॉलेजात जाण्याआधी एकमेकांशी थेट, कामापुरते बोलण्याचा एक मार्ग तयार केलाच पाहिजे. आतापर्यंत ते काम त्यांच्या नकळत शाळा करत होती. आता शाळा संपली.

शाळा मध्ये उभी होती

जरा आठवून बघा. शाळेत डायरी होती, प्रगतिपुस्तक होते, पालकसभा होती. परीक्षेचे वेळापत्रक, फीची तारीख, सहलीचे संमतीपत्र हे सगळे कागदावर लिहून घरी येत होते. आईवडील एकमेकांशी अवाक्षर न बोलताही दोघांना मुलाचे काय चालले आहे ते कळू शकत होते. वर्गशिक्षकांना फोन केला की झाले. कोर्टात ठरलेल्या भेटीच्या दिवसांचा हिशेबही बहुतेक वेळा शाळेच्याच कॅलेंडरवर बेतलेला असतो. ठरावीक शनिवार-रविवार, दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्याची अर्धी सुट्टी.

कॉलेजात यातले फारसे काही उरत नाही. डायरी नाही, वर्गशिक्षकांशी रोजचा संबंध नाही. फॉर्मवर जो एक मोबाईल नंबर दिला असेल त्यावर मेसेज येतो. मग दोन घरांमध्ये निरोप न्यायला एकच माणूस उरतो, ते म्हणजे मूल. ‘बाबांना विचार, क्लासचे पैसे कधी देणार?’ ‘आईला सांग, या रविवारी तू माझ्याकडे आहेस.’ सोळा वर्षांचे पोर हे निरोप पोचवते, पण जसेच्या तसे पोचवत नाही. त्यातला राग गाळून पोचवते. ही युक्ती एकदा जमली की मग ते स्वतःच्या अडचणीही गाळू लागते. हजेरी कमी झाली, एक विषय राहिला, क्लास सुटला, यातले काहीच कुठल्याच घरी पोचत नाही. आईला वाटते बाबांना ठाऊक असेल, बाबांना वाटते आई बघत असेल. मूल हुशार असते, खोटे बोलणारे नसते, तरी असे घडते. मला या विषयातला सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो.

दोन घरे आणि एक पास

आपल्या भागातला प्रश्न समजून घ्यायला एक साधे उदाहरण घेऊ. समजा, मुलगी आईबरोबर डोंबिवलीला राहते आणि वडील कल्याणला. तिला ठाण्यात जोशी-बेडेकर किंवा बांदोडकर कॉलेजला प्रवेश मिळाला. विद्यार्थ्यांचा सवलतीचा रेल्वे पास राहत्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतच मिळतो. म्हणजे तिचा पास डोंबिवली ते ठाणे. वडिलांकडे जायचे तर डोंबिवलीच्या पुढे वेगळे तिकीट. हीच आई कल्याणला आणि वडील डोंबिवलीला असते, तर एकाच पासात दोन्ही घरे आली असती. गोष्ट काही रुपयांची आहे, पण पत्ता एकच लिहायचा असतो. कोणाचा लिहायचा, हे त्या मुलीला एकटीला ठरवायला लावू नका.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातही हेच होते. फॉर्ममध्ये कमाल दहा पसंतीक्रम देता येतात आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. प्रवेश पक्का करायला मिळतात ते मोजके दिवस. त्या दिवसांत ‘मला न विचारता बिर्ला कॉलेज टाकलंच कसं?’ असा वाद सुरू झाला, तर नुकसान कोणाचे? म्हणून पसंतीक्रमाची यादी भरण्याआधी दोघांनी पाहिलेली असावी. एकत्र बसणे जमत नसेल तर यादीचा फोटो पाठवा, दोन दिवसांची मुदत द्या, आणि शेवटचा शब्द मुलाचा ठेवा.

‘मी बाबांकडे राहू का?’

आता जरा अवघड भाग. कॉलेज ठाण्यात, वडीलही ठाण्यात, आणि मुलगा इतकी वर्षे आईबरोबर डोंबिवलीत. सकाळच्या गाडीत दोन आठवडे लोंबकळल्यावर तो एक दिवस म्हणतो, ‘आई, मी सोमवार ते शुक्रवार बाबांकडे राहू का? प्रवास वाचेल.’

ज्या आईने त्याला एकटीने वाढवले, डबे केले, आजारपणे काढली, तिला हे वाक्य प्रवासाचे वाटतच नाही. तिला वाटते, निकाल लागला आणि आपण हरलो. दुसरीकडे वडिलांचेही असेच काहीतरी होत असते. वर्षानुवर्षे रविवार त्यांचा होता. आता रविवारी क्लासची टेस्ट असते, मित्रांचा वाढदिवस असतो, नाहीतर पोराला नुसते झोपायचे असते. भेट दोन तासांवर येते आणि वडिलांच्या मनात येते, ‘हे हिनंच शिकवलंय.’

पालकहो, या दोन्ही ठिकाणी मूल तुमच्यापैकी कोणाच्या विरोधात मत देत नसते. ते मोठे होत असते. ज्या घरांत आईवडील एकत्र नांदतात, तिथलीही पोरे या वयात रविवारी घरी थांबत नाहीत. फरक इतकाच की तिथे त्याचा अर्थ कोणी कोर्टातल्या कागदाशी लावत नाही. मुलाने राहण्याचा प्रश्न काढला तर त्याच रात्री हो-नाही करू नका. एका सत्रापुरते करून बघा. आठवड्यातले कुठले दिवस कुठे, हे तिघांनी मिळून ठरवा. आईकडची खोली रिकामी करू नका. वडिलांनीही ‘शेवटी माझ्याकडेच आला’ हे मनातसुद्धा म्हणू नये, कारण ते चेहऱ्यावर दिसते आणि मुले चेहरे वाचण्यात पटाईत असतात.

कायदा काय म्हणतो, आणि कुठे थांबतो

अकरावीतले मूल साधारण सोळा वर्षांचे असते, म्हणजे कायद्याने अज्ञान. ताब्याचा आणि भेटीचा आदेश अजून लागू असतो. पण तो दगडावरची रेघ नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ मध्ये मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य तिथे मुलांच्या इच्छेला धरून करावेत असे म्हटले आहे, आणि ते पुढे बदलूनही घेता येतात. राहण्याची व्यवस्था कायमची बदलणार असेल तर दोघांनी संमतीने अर्ज करावा. नंतर पोटगीच्या वादात तोंडी ठरलेले कोणाच्याच उपयोगी पडत नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ नुसार या न्यायालयांत समुपदेशकांची सोय आहे. नवी लढाई करायला कोर्टात जायचे नसेल तरी, आहे ती व्यवस्था नीट करायला जायला हरकत नाही.

अठराव्या वर्षी ताब्याचा प्रश्न संपतो. खर्चाचा प्रश्न मात्र तिथेच सुरू होतो, कारण पदवीची फी त्यानंतरच येते. हिंदू दत्तक व पालनपोषण कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर तिच्या पालनपोषणाची जबाबदारी अठरानंतरही राहते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले, की मुलगा अठरा वर्षांचा झाला एवढ्यावरून त्याच्या शिक्षणाचा सगळा भार आईवर टाकता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, बऱ्याच वर्षांपासून वेगळे राहणाऱ्या एका जोडप्याच्या प्रकरणात, मुलीला आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवण्याचा हक्क आहे असे सांगितले.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेत ज्युडिथ वॉलरस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या घटस्फोटित कुटुंबांतल्या १३१ मुलांचा सुमारे पंचवीस वर्षे मागोवा घेतला. अभ्यास एका सुखवस्तू भागातला होता आणि त्यावर टीकाही झाली. पण त्यातले एक निरीक्षण विचार करायला लावते. ऐपत असलेल्या अनेक वडिलांनीही कॉलेजच्या वयात हात आखडता घेतला, कारण कायद्याने बांधलेली मुदत संपली होती. मुलांनी त्याचा अर्थ पैशांत लावला नाही. ‘मी त्यांना तेवढा महत्त्वाचा नाही’ असा लावला.

कागद अडवू नका

आपल्या महाराष्ट्रात कागदांचा एक खास प्रश्न आहे, तो आपण शिक्षकांनी आवर्जून सांगायला हवा. राखीव प्रवर्गातला विद्यार्थी सायन्सला गेला की पुढच्या व्यावसायिक प्रवेशासाठी अकरावी-बारावीतच जातपडताळणीचा अर्ज करावा लागतो. त्याला वंशावळ लागते, आणि साधारणपणे वडिलांकडच्या नातेवाइकांचे शाळा सोडल्याचे दाखले, महसुली नोंदी लागतात. आईजवळ राहणाऱ्या मुलाचे हे सगळे कागद वडिलांच्या गावच्या घरातल्या ट्रंकेत असतात. बोलणे बंद असल्याने ते मागायचे कोणी, इथेच महिने जातात. वडिलांना विनंती अशी, की भांडण कितीही जुने असू द्या, या कागदांच्या साक्षांकित प्रतींचा एक संच अकरावीच्या पहिल्याच महिन्यात मुलाच्या हाती द्या. आईला विनंती अशी, की निकालपत्र, फीच्या पावत्या आणि कॉलेजचे नाव वडिलांपासून लपवू नका. पैसे देणाऱ्याला पावती मागण्याचा हक्क असतो, आणि न देणाऱ्यालाही ती दाखवावी, म्हणजे किती द्यायचे होते ते त्याला कळेल.

सगळ्यांना हे जमेल का?

नाही. ज्या घरात मारहाण झाली, धमक्या झाल्या, तिथे ‘थेट बोला’ असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. अशा वेळी दोघांच्या विश्वासातला मामा, आत्या, वकील किंवा समुपदेशक मध्ये असावा आणि बोलणे लेखीच व्हावे. पण तिथेही नियम तोच, की मूल मध्ये नसावे.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ‘आता तो मोठा झाला, त्याचं तो बघेल.’ मुलाने स्वतःची गाडी पकडावी, स्वतःचा फॉर्म भरावा, हे बरोबरच आहे. पण आईवडिलांचा हिशेब आईवडिलांनीच मिटवायचा असतो. तो पोराच्या गळ्यात घालून त्याला स्वावलंबन म्हणणे काही खरे नाही.

आपण शिक्षकांनी काय करावे

दहावीच्या वर्गशिक्षकांनी दाखला देताना दोन मिनिटे काढून अशा पालकांना, दोघांनाही, वेगवेगळे का होईना, प्रवेशाच्या तारखा सांगाव्यात. ज्युनियर कॉलेजातल्या मित्रांनी फॉर्मवर पालकांचे दोन नंबर घ्यावेत. कोर्टाची किंवा सुरक्षिततेची अडचण नसेल तर हजेरीचा मेसेज दोन्हीकडे जावा. भर वर्गात ‘वडील काय करतात?’, ‘वडिलांना घेऊन ये’ असे म्हणू नये. ‘घरून कोण येऊ शकेल?’ एवढे पुरे. आणि मुलाने दोन पत्ते सांगितले तर भुवया उंचावू नयेत.

पालकांनी या जूनमध्ये एका कागदावर पाच गोष्टी लिहून काढाव्यात आणि दोघांनी एकेक प्रत जवळ ठेवावी. फी आणि क्लासचा खर्च कोण किती देणार. आठवड्याचे दिवस कुठे. कागदपत्रे कोणाजवळ. आजारपणात पहिला फोन कोणाला. आणि निकाल लागला की दोघांना कोण कळवणार. शेवटच्या ओळीत मुलाचे नाव लिहायचे नाही. आईने किंवा बाबांनी स्वतःचे लिहायचे.

हा कागद कोर्टात चालेल की नाही, हा वकिलांचा प्रश्न. पण तो भिंतीवर लागला, की डोंबिवलीहून ठाण्याला निघालेल्या त्या मुलीच्या दप्तरात फक्त वह्या आणि डबा राहील. ती निदान एवढ्या गर्दीत तरी हलकी चढेल.