तारीख पाठ; पण कशावरून?

शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला, असे दहावीच्या कुठल्याही वर्गात विचारावे. सगळे हात वर जातील. १९ फेब्रुवारी १६३०. मग ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. बहुतेक हात खाली येतील. दोष मुलांचा नाही. हा दुसरा प्रश्न परीक्षेत येत नाही आणि जे परीक्षेत नाही ते वर्गातही नाही, हा आपल्या शाळांचा रिवाज आहे.

वास्तविक या एका तारखेत इतिहासाचा अख्खा धडा दडला आहे. महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे पूर्वी मानले जाई. आधार होता तो मागाहून लिहिलेल्या बखरींचा. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तारीखवार टिपणे, प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. महाराजांच्या काळातच रचलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली. वाद पुष्कळ झडले आणि अखेर राज्य सरकारनेही ही तारीख स्वीकारली. यात महाराजांची थोरवी तसूभर कमी झाली नाही. आपली माहिती मात्र पक्की झाली. पुरावा मागणे म्हणजे श्रद्धेला धक्का लावणे, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाठ्यपुस्तकाला याचे भान नाही असे नाही. बालभारतीच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरेपासून होते. साधनांच्या जतनावरही त्यात पाठ आहे. पण इतिहास-राज्यशास्त्राच्या ४० गुणांसाठी मुले गाइड उघडतात आणि सारे मुसळ केरात जाते. खातरी पटेपर्यंत संशय घ्या, असे सांगणाऱ्या, पुस्तकात भेटणाऱ्या तत्त्वज्ञ देकार्तचे नावही तिथे बिनसंशय पाठ होते.

सनावळ्या नकोत, असा याचा अर्थ नाही. आधी काय, मग काय हे कळल्यावाचून कारण आणि परिणाम कळत नाहीत. अभिमानालाही आमची हरकत नाही. परंतु निव्वळ अभिमानावर पोसलेला विद्यार्थी उद्या मोबाइलवर आलेला कोणताही मजकूर इतिहास म्हणून पुढे ढकलतो आणि त्यापायी गावात दगड भिरकावले जातात. हे लिहिले कोणी, कधी आणि कशासाठी, असे विचारण्याची सवय पंधराव्या वर्षी लागली, तर ती जन्मभर पुरते. दहावीनंतर विज्ञान-वाणिज्याकडे वळणाऱ्यांचा या विषयाशी पुन्हा संबंध येत नाही. म्हणून तर ही शेवटची संधी.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. मुलांना तेवढे करायचे नाही. वेशीवरचा वीरगळ न्याहाळावा, १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या आजीला बोलते करावे आणि तिचे सांगणे त्या वेळच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहावे, इतके पुरे.

यासाठी नवे पुस्तक नको, समिती नको. परीक्षा मंडळाने एवढेच करावे: एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी उतारे छापावेत आणि खाली विचारावे, ‘यांपैकी कोणावर विश्वास ठेवाल? का?’ प्रश्नपत्रिका बदलली की शिकवणे बदलायला वेळ लागणार नाही.