मावळच्या कारागिराने कोणता पिकअप घ्यावा?

लोणावळ्यात ग्रिल आणि गेटचे काम करणारे आमचे एक स्नेही गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. हातात चार कंपन्यांची रंगीत माहितीपत्रके होती. म्हणाले, "भाई, गाडी घ्यायची ठरवली आहे. आठवडाभर पवनेच्या बंगल्यांवर माल टाकायचा आणि जुम्याला दुपारनंतर मुलांना घेऊन फिरून यायचे. एकाच गाडीत दोन्ही बसते का, तेवढे सांगा." माहितीपत्रकांत सर्वांत वर पंचवीस लाखांच्या पुढची, दोन रांगांच्या आसनांची, डोंगरावर उभी केलेली गाडी होती.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात बंगले, हॉटेले आणि पवना धरणाकाठचे तंबू वाढले. त्याबरोबर वेल्डिंगवाले, फर्निचरवाले, फरशीवाले, गादीवाले, बेकरी आणि चिकनचे दुकानदार यांचे काम गावातल्या गल्लीतून डोंगरातल्या रस्त्यावर गेले. भाड्याचा टेम्पो वेळेवर येत नाही, म्हणून स्वतःची गाडी हवी. ही गरज खरी आहे. मात्र ती कशी भागवावी याबाबत आमचे मत माहितीपत्रकांपेक्षा वेगळे आहे, आणि ते स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. गाडी मालाच्या हिशेबाने घ्यावी, जमेल तेवढी लहान घ्यावी, आणि तिच्या हौद्यात बायको-मुलांना बसवण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

प्रथम मालाचे पाहू. आम्ही त्या स्नेह्यांना विचारले, तुमचा रोजचा माल किती किलो? ते म्हणाले, "भरपूर असतो." बहुतेक कारागिरांचे उत्तर हेच असते. गाडी बघायला जाण्यापूर्वी चार आठवडे एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी काय नेले, वजन किती, लांबी किती, खेप कोठे गेली, एवढेच लिहावे. कामशेतच्या तांदळाच्या व्यापाऱ्याला हिशेब सोपा आहे. पन्नास किलोची पंधरा पोती म्हणजे साडेसातशे किलो, की पाऊण टनाची लहान गाडी भरली. वीस पोती रोज जाणार असतील तर त्याने एक टनाच्या वरचीच गाडी घ्यावी. लहान गाडीवर वीस पोती लादून पाटे मोडून घेऊ नयेत. गादीवाला आणि सोफ्याचे काम करणारा यांचे मात्र उलट असते. त्यांचा माल वजनाला हलका, पण जागा खाणारा. त्यांना टनाची गरज नाही, हौद्याची लांबी आणि वर ताडपत्रीची कमान पाहिजे.

ग्रिलवाल्याची अडचण तिसरीच. लोखंडी पाइप वीस फुटी येतो आणि लहान पिकअपचा हौदा सात-आठ फुटांचा. पाइप फाळक्याबाहेर लोंबत नेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, लाल फडके बांधले की झाले असे समजतात. तसे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर माल काढून नेल्यास वीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जादा वजनालाही वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. त्यापेक्षा पाइप दुकानातूनच कापून घ्यावा किंवा लोखंडवाल्याच्या मोठ्या गाडीने कारखान्यापर्यंत आणवावा, आणि तयार गेट आपल्या गाडीने पोचवावे. वीस फुटी पाइपसाठी मोठी गाडी घेणारा महिन्यातल्या दोन खेपांसाठी तीस दिवसांचे डिझेल जाळतो.

आमच्या आधीच्या पिढीने हे सगळे तीनचाकीवर केले. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीच्या गाड्या इतक्या रुजल्या की 'टेम्पो' हे कंपनीचे नाव न राहता कोणत्याही मालगाडीचे नाव झाले. २००५ साली टाटांची एस आली, लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हटले, आणि लहान धंदेवाल्याला पहिल्यांदा चार चाकांवर पाऊण टन माल परवडू लागला. त्या पहिल्या एसचे इंजिन अवघे ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे होते. आज या वर्गात एसचेच अनेक प्रकार आहेत, महिंद्रची जीतो आणि सुप्रो आहे, मारुतीची सुपर कॅरी आहे. जून २०२५ मध्ये आलेली एस प्रो चार लाखांच्या आतल्या शोरूम किमतीला जाहीर झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जुन्या कोटेशनवर कोणी किंमत सांगत असेल तर नवे मागून घ्यावे. याच्या वरच्या पायरीवर टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त आणि बोलेरो पिकअप.

यातले कोणते इंजिन घ्यावे हे मावळात रस्ता ठरवतो. तळेगाव ते कामशेत जुन्या महामार्गावर धंदा असेल तर सपाट रस्ता आहे, लहान पेट्रोल किंवा सीएनजी गाडी पुरते. पण लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीने पवनेकडे रोज भरून जायचे, किंवा खोपोलीहून बोरघाट चढून माल आणायचा, तर दोन सिलिंडरची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच रेंगाळते आणि क्लच प्लेट लवकर संपते. तिथे इंट्रासारखी एक पायरी वरची डिझेल गाडी महाग असूनही शेवटी स्वस्त पडते. सीएनजीचे ॲव्हरेज पाहून हुरळणाऱ्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते आणि सीएनजीच्या टाक्या बसल्या की ६२५ किलो. शंभराहून अधिक किलो माल टाकीनेच खाल्ला! शिवाय पंप आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे की नाही आणि रांगेत किती वेळ जातो, तेही वहीत लिहावे. तीनचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, म्हणून मुंबईकडे माल जाणाऱ्यांनी तिचा विचारच करू नये. आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हौद्याचा पत्रा इथे इंजिनाच्या आधी जातो. नवी गाडी आल्याबरोबर खालून गंजरोधक लेप द्यावा आणि हौद्यात लाकडी फळ्या किंवा रबरी चटई टाकावी. वेल्डिंगवाल्याला हे शिकवावे लागू नये, पण स्वतःच्याच गाडीकडे तो शेवटी बघतो.

आता फिरण्याचे. पावसाळ्यात भुशी धरणाच्या किंवा टायगर पॉइंटच्या रस्त्यावर पाहा, हौद्यात सतरंजी अंथरून पंधरा-वीस माणसे बसलेले पिकअप दिसतात. त्यात आपलेही असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या घाटात दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप दरीत कोसळला आणि अनेक घरांतल्या आया-बहिणी गेल्या. गाडी बनवणाऱ्याने हौद्यात माणसाच्या बसण्याची सोयच ठेवलेली नसते. धरायला काही नाही, अडवायला फक्त फाळका. मागचे पाटे मालाच्या वजनासाठी कडक केलेले असतात. रिकाम्या हौद्याची मागची चाके ओल्या उतारावर पकड सोडतात, आणि माणसे भरली तर वजन वर आणि हलते राहते.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. मालवाहू गाडीत हौशी प्रवासी बसवले आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात दिला. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण मिळाले, एवढीच सवलत. त्यानेही केबिनमध्ये आरसीवर नोंदलेल्या आसनावर बसावे. आपल्या मदतनिसाचा समावेश पॉलिसीत स्वतंत्र हप्ता भरून करता येतो, तो प्रत्येकाने करावा. पण मेव्हणा, त्याची मुले आणि शेजारी यांना कोणतीही पॉलिसी वाचवत नाही. न्यायालयाने ठरवलेली रक्कम गाडीमालकाच्या खिशातून जाते. दुकान विकावे लागले तरी ती द्यावी लागते, आणि समोर हात पसरून उभे असते ते आपलेच नातलगाचे घर. सहलीची एक दुपार या किमतीला आम्ही कोणाला सुचवणार नाही.

"मग दोन रांगांची गाडी घेतो," असे आमचे स्नेही लगेच म्हणाले. त्यात तथ्य आहे, पण कोणती ते पाहावे लागते. टोयोटाची हायलक्स २०२२ साली भारतात आली. सव्वापाच मीटरहून लांब, आणि माल नेते पाचशे किलोच्याही आत. म्हणजे पाचपट-सहापट पैसे देऊन छोट्या हाथीपेक्षा कमी वजन, आणि लोणावळ्याच्या बाजारपेठेत वळवताना घाम. इसुझूची व्ही-क्रॉसही याच जातीची. ज्याला डोंगरात हौसेने फिरायचे आहे आणि ऐपत आहे त्याने खुशाल घ्यावी, आम्ही हौसेच्या विरुद्ध नाही. ती धंद्याच्या खर्चात मात्र लिहू नये. ज्याला दररोज चार कारागीर आणि त्यांची हत्यारे घेऊन जायचेच आहे, अशा फरशीवाल्याला किंवा इलेक्ट्रिशियनला बोलेरो कॅम्परसारखी गाडी योग्य. माणसांची आसने आरसीवर नोंदलेली, मागे हौदा लहान पण कामाचा. फक्त आठवड्याच्या एका दुपारसाठी ती घेऊ नये.

त्या दुपारसाठी पुणे-लोणावळा लोकल आहे. तळेगाव, वडगाव, कामशेत येथून मळवलीला उतरावे, भाजे आणि लोहगड तिथून जवळ. मुलांना गाडीपेक्षा रेल्वेच अधिक आवडते, असा आमचा अनुभव आहे. पवनेला जायचे तर महिन्यातून एकदा भाड्याची मोटार करावी. वर्षभराचे ते भाडे आणि मोठ्या पिकअपचे दोन महिन्यांचे हप्ते शेजारी लिहून पाहावेत.

हप्त्यावरून आठवले. आपले अनेक बांधव व्याजाचे कर्ज टाळतात आणि भिशीचे पैसे जमवून रोख गाडी घेतात. त्यांना लहान गाडी दोन-तीन वर्षे आधी हाती येते, हा लहान गाडीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आम्ही मानतो. रोखीत जुनी गाडी घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. हौद्याखाली हातोडीने ठोकून पाहावे. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, पासिंग कधी संपते, कर भरला आहे का, हे आरटीओच्या नोंदीतून तपासावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागते. स्टॅम्पपेपरवर व्यवहार करून नाव न बदलता गाडी चालवण्याची पद्धत दोघांनाही घातक आहे. आरसीवर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे.

कागदपत्रांत दोन गोष्टी लहान गाडीवाल्याच्या सोयीच्या आहेत. भरलेल्या गाडीचे एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर वेगळा मालवाहतूक परवाना लागत नाही. मोठ्या पिकअपचे काही प्रकार या मर्यादेबाहेर जातात, म्हणून आकडा विचारूनच बयाणा द्यावा. आणि मोटारीच्या साध्या लायसनवर अशी गाडी चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायम केले. मुलाने चालवायची असेल तर त्याचे लायसन मोटारसायकलचेच तर नाही ना, तेवढे पाहावे.

आमच्या स्नेह्यांनी वही सुरू केली आहे. पहिल्या तीन आठवड्यांत सहाशे किलोच्या वर त्यांच्या दोनच खेपा झाल्या. दुधिवरेचा चढ मात्र रोजचा आहे, म्हणून पाऊण टनाची गाडी घ्यावी की एक पायरी वरची, यावर ते अजून अडले आहेत. आम्ही त्यांना सांगितले, बयाणा देण्यापूर्वी दोन्ही गाड्या चाचणीसाठी मागा, स्वतःची चार गेटे हौद्यात घाला आणि खिंड चढून पाहा.